कुत्र्या-मांजरांना अ‍ॅलर्जीची गोळी: सेटिरिझिन देण्याआधी पट्टीच्या मागे काय लिहिलंय ते वाचा

पावसाळा लागला की अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड, दोन्ही लाइनींवरच्या सोसायट्यांच्या पेट ग्रुपवर एक प्रश्न ठरलेला असतो. "आमचा ब्रूनो संध्याकाळपासून खाजवतोय, रात्रीचे अकरा वाजलेत, व्हेट फोन उचलत नाहीयेत. घरात सेटिरिझिन आहे, देऊ का?"

पाच मिनिटांत सात उत्तरं येतात. कुणी म्हणतं अर्धी द्या. कुणी म्हणतं एव्हिल बेस्ट, आमच्या टफीला नेहमी देतो. कुणीतरी अमेरिकन वेबसाइटचा स्क्रीनशॉट टाकतं, ज्यात बेनाड्रिलचा डोस वजनानुसार लिहिलेला असतो. आणि एखादी काकू सांगते, "आमच्या मांजराला सर्दीची गोळी पाव दिली होती, काही झालं नाही."

यातली पहिली तीन उत्तरं अगदीच चूक नाहीत, म्हणूनच त्यांच्यावर विश्वास बसतो. चौथ्या उत्तराने मात्र मांजर मरू शकतं. ग्रुपवर चारही उत्तरं एकाच सुरात, एकाच हार्ट इमोजीसोबत येतात, त्यामुळे कुठलं कसलं हे कळायला मार्ग नसतो. ते कळावं म्हणून हा लेख.

माणसांची अ‍ॅलर्जीची गोळी प्राण्यांना देतात का?

देतात. पशुवैद्य स्वतःच देतात. सेटिरिझिन, क्लोरफेनिरामिन, हायड्रॉक्सिझिन, डायफेनहायड्रामिन ही माणसांसाठी बनलेली औषधं जगभर कुत्र्या-मांजरांसाठी लिहून दिली जातात. आपल्याकडे कुठल्याही पशुवैद्यकीय दवाखान्यात एव्हिल, म्हणजे फेनिरामिनचं इंजेक्शन हाताशी असतंच.

या औषधांचं काम एकच. अ‍ॅलर्जीत शरीर हिस्टामिन नावाचं रसायन सोडतं, त्याने खाज, सूज, अंगावर गांधी उठणं हे प्रकार होतात. गोळी हिस्टामिनला त्याच्या जागी बसू देत नाही. जे हिस्टामिन आधीच जाऊन बसलंय त्याला ती फारसं काही करू शकत नाही. त्यामुळे "गोळी दिली तरी अर्ध्या तासात खाज थांबली नाही" म्हणून दुसरी देण्यात अर्थ नसतो.

मेडिकलमध्ये ती सहज मिळते, म्हणून ती निरुपद्रवी असा आपला समज. आपल्या १९४५ च्या औषध नियमांत "ओव्हर द काउंटर" असं वेगळं परिशिष्ट नाही. उलट एव्हिलमधलं फेनिरामिन, क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन यांसारखी अ‍ॅलर्जीची जुनी औषधं शेड्यूल जी मध्ये येतात. वैद्यकीय देखरेखीशिवाय हे औषध घेणं धोक्याचं आहे, अशी सूचना त्यांच्या वेष्टनावर छापावी लागते. ती माणसांसाठीची सूचना आहे. चार किलोच्या पर्शियन मांजराचा विचार त्यात कुणी केलेला नाही.

खरा घोळ पट्टीच्या मागे असतो

घरातला औषधांचा डबा उघडून बघा. त्यात "अ‍ॅलर्जीची गोळी" म्हणून ज्या पट्ट्या असतील, त्यातल्या किती पट्ट्यांत फक्त अ‍ॅलर्जीचं औषध आहे?

साध्या ओकासेट किंवा सेट्झिनमध्ये सेटिरिझिन असतं, एका गोळीत १० मिलिग्रॅम. इथवर ठीक. पण ओकासेटच्याच नावाची "कोल्ड" गोळीही मिळत असे. तिच्यात सेटिरिझिनसोबत पॅरासिटामॉल आणि फिनाइलेफ्रिन असायचं. सायनारेस्टमध्ये क्लोरफेनिरामिन आहे हे खरं, पण ते अगदी थोडं. गोळीचा मोठा भाग पॅरासिटामॉलचा, वर फिनाइलेफ्रिन. सर्दीच्या काही गोळ्यांत कॅफिनही असतं. माणसाला सर्दी झाली की नाक वाहतं, डोकं दुखतं, अंग मोडून येतं, म्हणून एकाच गोळीत तीन-चार औषधं कोंबलेली असतात. आपण तिला सरसकट "सर्दी-अ‍ॅलर्जीची गोळी" म्हणतो आणि तिथेच चूक होते.

फिनाइलेफ्रिन चोंदलेलं नाक मोकळं करतं, कारण ते रक्तवाहिन्या आकुंचित करतं. कुत्र्याच्या शरीरात त्याने रक्तदाब आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात, उलट्या आणि अस्वस्थपणा येऊ शकतो. काही गोळ्यांत त्याऐवजी स्यूडोएफेड्रिन असतं. परदेशी ब्रँडच्या नावामागे "डी" अक्षर दिसलं तर बहुतेकदा तेच. दुबईहून, अमेरिकेहून आलेल्या नातेवाइकांच्या बॅगेतून अशा बाटल्या आपल्या घरात येतात. स्यूडोएफेड्रिनचा कुत्र्यावर परिणाम किलोमागे पाच-सहा मिलिग्रॅमपासून दिसतो आणि त्याच्या साधारण दुप्पट मात्रा जीवावर बेतू शकते. लहान कुत्र्यासाठी एक-दोन गोळ्या पुरे होतात.

पण या सगळ्यात सगळ्यात वाईट पॅरासिटामॉल, आणि तेही मांजरासाठी.

मांजराचं यकृत आणि पॅरासिटामॉल

माणसाच्या यकृतात पॅरासिटामॉलला साखरेसारखा एक रेणू चिकटवून ते निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर टाकायची सोय असते. ते काम करणारं जे मुख्य एन्झाइम, त्याचं जनुक मांजरांत मोडकं आहे. मांजर मूळचा निव्वळ मांसाहारी प्राणी. वनस्पतींमधली विषारी रसायनं निकामी करायची गरज त्याच्या पूर्वजांना फारशी पडली नाही, म्हणून हे जनुक कामातून गेलं असावं असं शास्त्रज्ञ मानतात. कारण काहीही असो, परिणाम असा की पॅरासिटामॉल मांजराच्या शरीरात साचतं, त्यापासून विषारी घटक बनतात आणि ते रक्तातल्या तांबड्या पेशींवर तुटून पडतात. रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं.

आता हिशोब करा. मांजरात किलोमागे १० मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेतही विषबाधा झाल्याच्या नोंदी पशुवैद्यकीय साहित्यात आहेत. चार किलोच्या मांजरासाठी ते झाले ४० मिलिग्रॅम. सर्दीच्या एका गोळीत पॅरासिटामॉल असतं ३२५ किंवा ५०० मिलिग्रॅम. पाव तुकडा दिला तरी ८० ते १२५ मिलिग्रॅम पोटात जातं. "पाव दिली, काही झालं नाही" म्हणणाऱ्या काकूंचं मांजर नशीबवान होतं, किंवा गोळी त्याने सोफ्याखाली थुंकली होती.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी ग्रुपवर कुणी सांगत नाही. पॅरासिटामॉलची विषबाधा झालेल्या मांजराचा चेहरा आणि पंजे सुजतात. म्हणजे आधी मांजर खाजवत होतं, तुम्ही "अ‍ॅलर्जीची" गोळी दिली, काही तासांनी तोंड सुजलं. बघणाऱ्याला वाटणार, अ‍ॅलर्जी वाढली, अजून एक द्या. ही दुसरी गोळी जीव घेते. फरक कळायचा असेल तर हिरड्या बघा. निरोगी हिरड्या गुलाबी असतात. या विषबाधेत त्या तपकिरी, चॉकलेटसारख्या किंवा निळसर दिसतात. सोबत धाप, मरगळ, लाळ, कधी गडद लघवी. असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. यावर उतारा आहे. एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन, माणसांनाही पॅरासिटामॉलच्या ओव्हरडोसमध्ये दिलं जातं तेच औषध. ते जितकं लवकर मिळेल तितकं बरं.

कुत्र्यांना पॅरासिटामॉल तुलनेने जास्त सोसतं, पण तेही हिशोबाने. जास्त झालं की त्यांचं यकृत जातं. एका प्राण्याला चालणारं औषध दुसऱ्याला का मारतं, हा प्रश्न आपल्या देशाने मोठी किंमत देऊन शिकलाय. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि गिधाडं जवळजवळ संपली. त्यानंतर २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. गायीला त्याच औषधाने बरं वाटत होतं.

बेनाड्रिल: नाव तेच, बाटली वेगळी

इंटरनेटवर "कुत्र्याला अ‍ॅलर्जीसाठी काय द्यावं" असं शोधलं की पहिल्या दहा उत्तरांत बेनाड्रिल येतंच. अमेरिकेत बेनाड्रिलची साधी गोळी म्हणजे निव्वळ डायफेनहायड्रामिन, २५ मिलिग्रॅम. त्यामुळे तिथे "वजनाच्या दर पौंडामागे १ मिलिग्रॅम" हा सोपा नियम सांगितला जातो.

मुंबईतल्या केमिस्टकडे बेनाड्रिल मागितलं तर तो खोकल्याचं सिरप हातात ठेवतो. त्यात डायफेनहायड्रामिन आहे, पण सोबत कफ पातळ करायला अमोनियम क्लोराइड आणि सोडियम सायट्रेटही आहे. कोरड्या खोकल्यासाठी मिळणाऱ्या बाटलीत डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं, जे मेंदूवर काम करतं. वीस किलोच्या इंडी कुत्र्याला अमेरिकन हिशोबाने ४४ मिलिग्रॅम द्यायचे म्हणून कुणी हे सिरप मोजायला बसलं, तर तीनेक चमचे ओतावे लागतील, आणि त्यासोबत नको असलेलं बाकीचं सगळं पोटात जाईल.

तेव्हा परदेशी डोस वाचताना ब्रँडचं नाव सोडून द्या आणि औषधाचं मूळ नाव पकडा. आणि पौंड म्हणजे किलो नव्हे, हेही आठवा. एक किलो म्हणजे साधारण २.२ पौंड. पौंडाचा नियम किलोला लावला तर डोस निम्म्याहून कमी पडतो. उलटं केलं तर दुप्पट होतो.

सिरपबद्दल एकच आणखी. "शुगर फ्री" लिहिलेल्या बाटलीत झायलिटॉल असू शकतं. माणसाला ते चालतं, कुत्र्याच्या रक्तातली साखर त्याने धाडकन खाली येते. घटकांच्या यादीत ते दिसलं की बाटली परत कपाटात.

लेव्होसेटिरिझिनचा ५ आणि सेटिरिझिनचा १०

आपल्याकडे हल्ली डॉक्टर सेटिरिझिनपेक्षा लेव्होसेटिरिझिन जास्त लिहितात, त्यामुळे घरात तीच पट्टी सापडण्याची शक्यता जास्त. तिच्यावर ५ मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, आणि १० पेक्षा ५ कमी म्हणून "ही हलकी आहे" असं वाटतं. तसं नाही. सेटिरिझिन हे आरशातल्या प्रतिमेसारख्या दोन रेणूंचं मिश्रण आहे. त्यातला कामाचा रेणू वेगळा काढला की लेव्होसेटिरिझिन. म्हणजे याचे ५ मिलिग्रॅम त्याच्या १० च्या तोडीचे. सेटिरिझिनचा डोस वाचून तेवढीच लेव्होसेटिरिझिन दिली तर प्राण्याला दुप्पट औषध जातं.

बऱ्याचदा ती एकटीही नसते. मॉन्टेअर एलसी किंवा मॉन्टेक एलसी या गोळ्यांत लेव्होसेटिरिझिनसोबत मॉन्टेलुकास्ट असतं, दमा आणि नाकाच्या अ‍ॅलर्जीचं औषध. कुत्र्याच्या खाजेसाठी त्याची गरज नाही.

अ‍ॅटारॅक्सबद्दलही एक गोष्ट माहीत असावी. खाजेसाठी ही गोळी अनेक घरांत असते. तिच्यातलं हायड्रॉक्सिझिन शरीरात गेल्यावर त्यापासून सेटिरिझिनच बनतं. म्हणजे सकाळी अ‍ॅटारॅक्स आणि रात्री सेटिरिझिन हे "दोन वेगळे उपाय" नसून एकाच उपायाची दुप्पट मात्रा आहे.

मग डोस किती?

पशुवैद्यकीय संदर्भपुस्तकांत कुत्र्यासाठी सेटिरिझिनचा डोस साधारण किलोमागे १ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा किंवा दोनदा, असा असतो. मांजरासाठी एका दिवसाला एकूण ५ मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे १० च्या गोळीचा अर्धा भाग. लहान मांजराला त्याहून कमी. पाच किलोच्या शिह त्झूला अर्धी गोळी, दहा किलोच्या बीगलला एक.

हे आकडे इथे दिलेत ते तुम्ही फोनवर व्हेट काय सांगतायत ते समजून घ्यावं आणि ग्रुपवर कुणी "दोन द्या" म्हटलं तर थबकावं म्हणून. हेच आकडे वाचून स्वतः गोळी देऊ नका, आणि त्यामागचं कारण कागदी नाही. सेटिरिझिन मुख्यतः मूत्रपिंडातून बाहेर पडतं. वयस्क मांजरांत मूत्रपिंडाचा आजार इतका सर्रास असतो की दहा-बारा वर्षांच्या मांजराला रक्ततपासणीशिवाय पूर्ण डोस देणं म्हणजे अंदाजपंचे. तुमचं मांजर जास्त पाणी पिऊ लागलंय, वजन उतरलंय, लिटर बॉक्स लवकर भरतोय, तर त्याच्या मूत्रपिंडांना आधीच त्रास असण्याची शक्यता आहे.

एव्हिल, क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन या जुन्या औषधांचा प्रश्न वेगळा. ती मेंदूत शिरतात, त्यामुळे झोप येते. काही प्राण्यांत, विशेषतः मांजरांत, उलटं होतं. ते झोपायच्या ऐवजी चवताळल्यासारखं घरभर फिरतं. ही औषधं लघवी अडवू शकतात, डोळ्यातला दाब वाढवू शकतात. ज्या बोक्याची लघवी आधी कधी तुंबली होती, ज्या कुत्र्याला काचबिंदू आहे किंवा फिट येतात, जी गाभण आहे किंवा पिल्लांना पाजते, ज्याला आधीच झोपेची, भीतीची किंवा हृदयाची औषधं चालू आहेत, त्यांना ही गोळी व्हेटला विचारल्याशिवाय अजिबात नाही. लहान पिल्लांनाही नाही.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना बिस्किटात घालून एव्हिल देणारे फीडर उपनगरांत पुष्कळ आहेत. भावना समजते. पण त्या कुत्र्याचं वजन माहीत नसतं, आणि गोळीचं बिस्किट नेमकं कुणी खाल्लं हेही दहा कुत्र्यांच्या घोळक्यात सांगता येत नाही. शेजारचं दोन किलोचं पिल्लूही तिथेच असतं.

मुळात ती अ‍ॅलर्जी आहे का?

माणसाला अ‍ॅलर्जी झाली की शिंका येतात. कुत्र्याची अ‍ॅलर्जी बहुधा कातडीवर दिसते: पंजे चाटणं, कान खाजवणं, काखा आणि पोट लाल होणं. मांजर स्वतःला चाटून चाटून पोटावरचे केस घालवतं, मानेवर बारीक खपल्या येतात. मांजराच्या शिंका अनेकदा अ‍ॅलर्जीच्या नसून विषाणूच्या असतात. मांजराच्या दम्यात अ‍ॅलर्जीची गोळी उपयोगी पडत नाही, आणि तोंड उघडं टाकून धापणारं मांजर ही तर थेट इमर्जन्सी आहे.

आणि मुंबईत जुलैमध्ये खाजवणाऱ्या कुत्र्याकडे बघून सगळ्यात आधी संशय घ्यावा तो पिसवा आणि गोचिडांचा. इमारतीच्या भिंतींच्या फटींत, पार्किंगमध्ये, बागेच्या कडेला गोचीड मजेत राहतात. कानाच्या आत, बोटांच्या मध्ये, शेपटीच्या मुळाशी केस बाजूला करून बघा. काळी कणी दिसली तर ती ओल्या टिशूवर टाका. लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा. पिसवांवर सेटिरिझिनचा काहीच परिणाम होत नाही. आणि गोचिडांमुळे येणाऱ्या टिक फीव्हरकडे "खाज आहे, गोळी चालू आहे" म्हणून दुर्लक्ष झालं तर आठवडा वाया जातो.

गोचिडांचं औषध आणताना कुत्र्याचं मांजराला लावू नका. कुत्र्यांच्या कित्येक स्पॉट-ऑन औषधांत परमेथ्रिन असतं आणि मांजराला त्याने झटके येतात. एकाच घरात दोघं असतील तर कुत्र्याला लावल्यावर ते पूर्ण सुकेपर्यंत मांजर दुसऱ्या खोलीत.

दुसरा संशयित म्हणजे ओलावा. पावसात फिरून आलेला कुत्रा पायाची बोटं ओली ठेवूनच झोपतो, मग बोटांच्या मध्ये यीस्ट वाढतं, वास येतो, तो चाटत बसतो, कातडी आणखी ओली होते. इथे पाच रुपयांच्या गोळीपेक्षा जुना टॉवेल जास्त कामाचा. त्याशिवाय खरूज, बुरशी, एखाद्या खाण्याची अ‍ॅलर्जी, अशी यादी लांब आहे.

खरीच जुनाट अ‍ॅलर्जी निघाली तरी गोळीकडून फार अपेक्षा नको. प्राण्यांच्या अ‍ॅलर्जीवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात म्हटलंय की कुत्र्याची खाज एकदम उफाळते तेव्हा अँटिहिस्टामिनचा फारसा उपयोग होत नाही. रोज, नियमित दिल्यास काहींना थोडाफार फायदा होतो. म्हणून आता व्हेट ओक्लासिटिनिब, म्हणजे अ‍ॅपोक्वेल, यासारखी खास कुत्र्यांसाठी बनलेली औषधं लिहितात. ती महाग आहेत आणि सेटिरिझिन स्वस्त, हे खरंय. पण महिनाभर गोळी देऊनही कुत्रा रात्री झोपत नसेल तर स्वस्त काय म्हणायचं, हा विचार करायला हवा.

तोंड सुजलं तर: मधमाशी की साप?

बोरिवली पूर्व, मुलुंडचा योगी हिल्सकडचा भाग, गोरेगावचं आरे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला आणि त्याच्या जंगलाला लागून राहणाऱ्यांसाठी हा भाग महत्त्वाचा. कुत्रा झुडपात नाक खुपसतो, केकाटतो, आणि घरी येईपर्यंत तोंड सुजलेलं.

मधमाशी किंवा गांधीलमाशी चावली असेल तर सूज मऊ असते, बऱ्याचदा डोळ्यांभोवती आणि ओठांवर पसरते, अंगावर गांधी दिसतात, आणि कुत्रा खाजवत असला तरी शेपूट हलवतो, बिस्किट खातो. इथे व्हेटला फोन करून गोळी देण्यासारखी परिस्थिती असू शकते. नांगी दिसत असेल तर ती काढून टाका.

सूज एका जागी, कडक, काळीनिळी होत चाललेली, हात लावू देत नाही इतकी दुखरी, त्यातून रक्त झिरपतंय, कुत्रा लंगडतोय किंवा गळून पडतोय, तर घोणस किंवा फुरशासारख्या सापाचा दंश असू शकतो. नाग किंवा मण्यार चावल्यावर सूज कमी आणि लुळेपणा जास्त असू शकतो. या परिस्थितीत अ‍ॅलर्जीची गोळी देऊन वाट बघणं म्हणजे प्रतिविषासाठीचा वेळ घालवणं. बांधू नका, चिरू नका, बर्फ चोळू नका. कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या.

आणि अ‍ॅलर्जीच टोकाला गेली, म्हणजे अ‍ॅनाफिलेक्सिस झाला, तर कुत्र्यात ती अनेकदा पोटातून दिसते: अचानक उलट्या, जुलाब, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या, पाय लटपटणं, कोसळणं. मांजरात जास्त करून श्वास अडकतो. लस दिल्यावर, इंजेक्शननंतर किंवा दंशानंतर काही मिनिटांत हे घडू शकतं. त्यावर लागतं एपिनेफ्रिन आणि सलाइन. तोंडाने दिलेली गोळी रक्तात उतरायला जो वेळ लागतो, तो इथे नसतो. शिवाय उलटी करणाऱ्या किंवा शुद्ध हरपत चाललेल्या प्राण्याच्या तोंडात गोळी घातली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते.

चुकीची गोळी गेली, किंवा त्याने पूर्ण पट्टीच खाल्ली

लॅब्रेडॉर पाळणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. पट्टी, फॉइल, पाकीट, सगळं.

आधी उरलेल्या गोळ्या मोजा आणि जास्तीत जास्त किती गेल्या असतील ते ठरवा. वेळ लिहून ठेवा. मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका. त्याने शरीरातलं सोडियम धोकादायकरीत्या वाढू शकतं. दूध, तूप, कोळसा असले घरगुती प्रयोगही नकोत. उलटी करवायची की नाही हे व्हेट ठरवतील, आणि ती संधी साधारण पहिल्या एक-दोन तासांचीच असते, म्हणून "बघू, झोपलाय शांत" असं करू नका. अँटिहिस्टामिन जास्त झालं की आधी गुंगी येऊ शकते आणि मग थरथर, वेगाने धडधडणारं हृदय, आकडी. शांत झोपलेला कुत्रा हा त्याचाच पहिला टप्पा असू शकतो.

पट्टी सोबत न्या. रिकामी असली तरी, फाटलेली असली तरी. "पिवळी गोळी होती, सर्दीची" यावरून डॉक्टरला काही कळत नाही. मागच्या बारीक अक्षरांवरून सगळं कळतं.

परदेशी वेबसाइटवर प्राण्यांच्या विषबाधेसाठी जे हेल्पलाइन नंबर दिसतात ते तिथल्या देशांसाठीचे आहेत. आपल्या कामाचा नंबर म्हणजे घराजवळच्या रात्री उघड्या असणाऱ्या क्लिनिकचा, आणि तो आज, सगळं ठीक असताना फोनमध्ये सेव्ह करायचा. क्लिनिक रात्री खरंच उघडं असतं का, तिथे ऑक्सिजनची सोय आहे का, मांजर घेतात का, हेही विचारून ठेवा. मोठ्या सोयी मात्र अजून शहरातच आहेत. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आहे, आणि २०२४ पासून महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं छोट्या प्राण्यांचं रुग्णालय चालू झालंय, तिथे चोवीस तास सेवा आहे. पण मुलुंडहून किंवा बोरिवलीहून पावसात तिथवर पोचायला किती वेळ लागतो हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. श्वास अडकलेल्या मांजराला आधी जवळच्या डॉक्टरकडे स्थिर करायचं, मग पुढे न्यायचं.

व्हेटला फोनवर काय सांगाल?

वजन, आजचं. अंदाजे नको, स्वतः वजनकाट्यावर उभे राहा, मग त्याला उचलून उभे राहा, दोन्ही आकड्यांतला फरक लिहा. वय, चालू असलेली औषधं, जुने आजार. खाज कधीपासून, कुठे, सोबत उलटी किंवा धाप आहे का. सुजलेल्या जागेचा आणि हिरड्यांचा फोटो, आणि तुमच्याकडे असलेल्या पट्टीच्या मागच्या बाजूचा फोटो, ज्यात औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम स्पष्ट दिसतील. एवढं एका मेसेजमध्ये पाठवलंत तर रात्री अकरालाही उत्तर मिळण्याची शक्यता बरीच वाढते, कारण डॉक्टरला वीस प्रश्न विचारावे लागत नाहीत.

व्हेट हो म्हणाले की गोळी द्यायची कशी, हा मांजरवाल्यांचा वेगळा प्रश्न. सेटिरिझिन कडू असते. गोळीचं वरचं आवरण तुटलं की मांजर तोंडाला फेस आणतं, डोकं झटकतं, लाळ गाळतं. ते बघून रिअ‍ॅक्शन आली म्हणून घाबरायला होतं, पण तो बहुधा चवीचा निषेध असतो आणि थोड्या वेळात थांबतो. थांबला नाही, किंवा सोबत सूज अथवा धाप असेल, तर पुन्हा फोन. अर्धी गोळी करायला मेडिकलमध्ये पिल कटर मिळतो. सुरीने तोडली की एक तुकडा मोठा होतो आणि दुसऱ्याचा चुरा. गोळी लोण्याच्या किंवा चीजच्या इवल्याशा गोळ्यात लपवा, मागून सिरिंजने थोडं पाणी द्या, म्हणजे ती घशात अडकत नाही. कुत्र्याला चपातीच्या तुकड्यात दिली तर आधी एक रिकामा तुकडा, मग गोळीवाला, मग लगेच तिसरा दाखवा. तिसऱ्याच्या घाईत तो दुसरा चावत नाही.

पुढे व्हेटने त्वचेवरची अ‍ॅलर्जी टेस्ट सुचवली तर गोळी चालू असल्याचं आठवणीने सांगा. टेस्टच्या आधी अँटिहिस्टामिन काही दिवस बंद ठेवावं लागतं, नाहीतर रिपोर्ट खोटा स्वच्छ येतो आणि हजारो रुपये खर्चून प्रश्न होता तिथेच राहतो.